मंगळावरच्या जुन्या साहसकथा: कोणती प्रत धरावी, कुठून वाचावी, मराठीत आणता येतील का?

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ‘जॉन कार्टर’ हा २०१२ चा सिनेमा तुम्ही उशिरा का होईना पाहिलात, आवडला, आणि मूळ कादंबऱ्या वाचाव्याशा वाटल्या. शोधायला गेलात तर लिंकांचा ढीग. नव्याण्णव रुपयांना ‘संपूर्ण मंगळमालिका’ म्हणून एक ई-बुक घेतलंत, त्यात पाचच पुस्तकं निघाली आणि चित्र एकही नाही. आता तुम्हाला विचारायचंय की फुकट आणि कायदेशीर काय आहे, सुरुवात कुठून करावी, तेरा वर्षांच्या मुलीला हे वाचायला द्यावं का, आणि यातलं काही मराठीत आणता येईल का.

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो आणि बरीच वर्षं जुन्या पुस्तकांच्या ई-प्रती तपासायचं स्वयंसेवी काम करतो. त्यावरून सांगतो, लिंका मिळत नाहीत ही तुमची अडचण नाहीच. समोर आलेली प्रत कधीच्या आणि कुठल्या छापील मजकुरावरून केली आहे हे कळत नाही, ही खरी अडचण आहे. तेवढं कळलं की फुकट काय, अपुरं काय, चित्रं का गळली, मराठीत छापता येईल का, हे सगळं त्यातूनच उलगडतं. म्हणून मी कुठलीही जुनी गोष्ट हातात घेताना दोन सालं आधी शोधतो: ती पहिल्यांदा कधी छापली गेली आणि तिचा लेखक कधी वारला.

तुमच्या ई-बुकालाच हे लावून बघू. जॉन कार्टरच्या कादंबऱ्यांचा लेखक एडगर राइस बरोज. त्याची पहिली मंगळकथा ‘द ऑल-स्टोरी’ या अमेरिकी मासिकात फेब्रुवारी ते जुलै १९१२ मध्ये ‘अंडर द मून्स ऑफ मार्स’ या नावाने क्रमशः आली. तेव्हा बरोज पस्तिशी ओलांडलेला, अनेक धंद्यांत हात पोळून घेतलेला गृहस्थ होता. या कथेचे त्याला ४०० डॉलर मिळाले. असलं काहीतरी अचाट आपण लिहितोय याची त्याला स्वतःलाच लाज वाटत होती, म्हणून ‘आपलं डोकं ठिकाणावर आहे’ असं सुचवणारं ‘नॉर्मल बीन’ हे टोपणनाव त्याने घेतलं. छापणाऱ्यांनी ती चूक समजून ‘नॉर्मन बीन’ करून टाकलं. (प्रूफं तपासणाऱ्या माणसाला हा किस्सा विसरता येत नाही.) १९१७ मध्ये हीच कथा ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ म्हणून पुस्तकरूपात आली. पाठोपाठ ‘द गॉड्स ऑफ मार्स’, ‘द वॉरलॉर्ड ऑफ मार्स’, ‘थुविया, मेड ऑफ मार्स’ आणि १९२२ मध्ये ‘द चेसमेन ऑफ मार्स’. झाली पाच.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कॉपीराइटची मुदत वाढवली आणि त्यामुळे २०१९ उजाडेपर्यंत तिथे साधारणपणे १९२२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं साहित्यच मुक्त, म्हणजे कॉपीराइटमधून सुटलेलं, राहिलं. त्या वीसेक वर्षांत ज्यांनी ज्यांनी ‘संपूर्ण बरोज’ नावाच्या फायली बांधल्या त्यांना ही पाचच पुस्तकं फुकट मिळत होती. तीच फाईल नवं मुखपृष्ठ चढवून आजही विकली जाते. तुमच्या हाती बहुधा तीच आली. सहावं पुस्तक, ‘द मास्टर माइंड ऑफ मार्स’, १९२७ चं. ते अमेरिकेत १ जानेवारी २०२३ ला मुक्त झालं. सातवं, ‘अ फायटिंग मॅन ऑफ मार्स’, १९३० मध्ये मासिकातून आलं. तिथली प्रसिद्धीपासूनची पंच्याण्णव वर्षांची मुदत २०२५ अखेर भरली. आठवं, ‘स्वोर्ड्स ऑफ मार्स’, १९३४-३५ चं आहे, त्यामुळे तिथे ते २०३१ पर्यंत थांबेल.

हा झाला अमेरिकेचा हिशोब. आपला वेगळा आहे आणि तुमच्या सोयीचा आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याची मुदत त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, आणि मोजायची सुरुवात पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. (पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये वारले. त्यांच्या साहित्याची मुदत संपायची वेळ आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने दहा वर्षं वाढवून मिळाली.) बरोज १९ मार्च १९५० ला वारला. म्हणजे आपल्याकडे २०१० सालच्या अखेरीस मुदत संपली. मालिकेच्या अकराव्या आणि शेवटच्या पुस्तकाबद्दल लोक हमखास गोंधळतात, कारण ‘जॉन कार्टर ऑफ मार्स’ १९६४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बाजारात आलं. पण त्यातल्या दोन्ही कथा १९४१ आणि १९४३ मध्ये मासिकात छापून झालेल्या होत्या. तेव्हा अकराच्या अकरा पुस्तकं भारतात बसून तुम्ही बिनधास्त वाचू शकता. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र स्वतःला सातावर थांबवायचं आहे.

आता वाचायचं कुठून.

पहिल्या पाचांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग, म्हणजे कॉपीराइट संपलेली पुस्तकं फुकट देणारं संकेतस्थळ. तिथल्या प्रत्येक ई-बुकाला क्रमांक असतो आणि नावाने शोधण्यापेक्षा क्रमांकाने शोधलं तर डोक्याला ताप कमी: ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ ६२, ‘गॉड्स’ ६४, ‘वॉरलॉर्ड’ ६८, ‘थुविया’ ७२, ‘चेसमेन’ ११५३. दोन आकडी क्रमांकांवरून लक्षात येईल की ही गुटेनबर्गवरची अगदी सुरुवातीची पुस्तकं आहेत. पुढच्या पुस्तकांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग ऑस्ट्रेलियाकडे वळा. ही वेगळी संस्था आहे. ऑस्ट्रेलियात १९५५ पूर्वी वारलेल्या लेखकांचं साहित्य मुक्त आहे, त्यामुळे उत्तर काळातला बरोज तिथे राजरोस मिळतो. फोनवर देखणं पान हवं असेल तर स्टँडर्ड ईबुक्स बघा. मजकूर बहुतेक गुटेनबर्गचाच, पण मांडणी, अवतरणचिन्हं, प्रकरणांची अनुक्रमणिका यांवर मेहनत घेतलेली असते.

प्रत पुरी आहे की नाही हे ओळखायच्या माझ्या काही खुणा आहेत. ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ची २८ प्रकरणं आहेत, पहिलं अॅरिझोनाच्या डोंगरात सुरू होतं आणि शेवटचं अॅरिझोनाच्या गुहेत संपतं. पण त्याआधी एक प्रास्ताविक हवंच. त्यात कॅप्टन कार्टरचा पुतण्या म्हणवणारा ‘बरोज’ ही हस्तलिखितं आपल्याकडे कशी आली ते सांगतो, आणि काकाला कसं पुरलं तेही: शवपेटी उघडी ठेवायची, आणि थडग्याच्या जाडजूड दाराचं कुलूप असं की ते फक्त आतूनच उघडतं. पुढची सगळी गंमत त्या कुलपात आहे. स्वस्तातल्या प्रतींमध्ये हे प्रास्ताविक ‘पाल्हाळ’ समजून उडवलेलं असतं, आणि वाचकाला शेवटी काय घडलं त्याचा अर्धाच अर्थ लागतो.

‘चेसमेन’साठी खूण शेवटच्या पानांत आहे. कादंबरी संपल्यावर ‘जेतान’ या मंगळी बुद्धिबळाचे नियम परिशिष्ट म्हणून दिलेले आहेत. दहा बाय दहाचा पट, काळी आणि नारिंगी घरं, प्रत्येकी वीस मोहरी. मागच्या रांगेत मधोमध सरदार आणि राजकन्या. पुढच्या रांगेत दोन टोकांना स्वार आणि मध्ये आठ भाडोत्री शिपाई. राजकन्येला कुठल्याही मोहऱ्याने गाठलं किंवा सरदाराने सरदाराला मारलं तर डाव जिंकला. सरदाराला दुसऱ्या कुणी मारलं तर बरोबरी. राजकन्येला सबंध डावात एकदाच पळ काढायची मुभा. कादंबरीतल्या मनातोर शहरात हा खेळ जिवंत माणसं पटावर उभी करून खेळतात आणि घर जिंकायचं म्हणजे तिथल्या माणसाशी तलवारीने निकाल लावायचा. बरोजने नियम लिहिताना काही जागा मोघम ठेवल्या आहेत, आणि उडणाऱ्या मोहऱ्याची चाल नेमकी कशी यावर चाहते अजून वाद घालतात. पुठ्ठ्यावर पट आखून घरच्या घरी खेळता येतो. नेहमीच्या बुद्धिबळापेक्षा डाव मोकळा वाटतो. तर सांगायचं ते हे की तुमच्या प्रतीत हे परिशिष्ट नसेल तर ती प्रत टाकून द्या.

‘स्वोर्ड्स ऑफ मार्स’ची खूण मला सगळ्यांत आवडते. प्रास्ताविक आणि २४ प्रकरणं मिळून पंचवीस सुरुवाती होतात. प्रत्येकीचं पहिलं अक्षर क्रमाने लावलं की ‘टू फ्लॉरेन्स विथ ऑल माय लव्ह, एड’ असं इंग्रजी वाक्य तयार होतं. फ्लॉरेन्स ही बरोजची दुसरी बायको. त्यांचं लग्न १९३५ मधलं, म्हणजे ही कादंबरी छापून येत होती त्याच सुमाराचं. जुन्या छपाईत प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं आणि नक्षीदार असायचं. स्कॅनवरून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर ते चित्र समजून सोडून देतं. त्यामुळे आळशी प्रतीत ही अक्षरं गळतात आणि फ्लॉरेन्ससाठी लिहिलेला निरोप तुटतो. पंचवीस अक्षरं जुळवून बघायला पाच मिनिटं लागतात.

सॉफ्टवेअरच्या चुकांची आणखी एक जात सांगतो, कारण विकत घ्यायच्या आधी नमुन्याची पानं चाळताना तिचा उपयोग होतो. ही मासिकं लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापलेली. कागद तपकिरी पडतो, शाई फुटते. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की ते चिकटून ‘एम’ दिसतात. त्यामुळे ‘मॉडर्न’ या शब्दाचा ‘मोडेम’ होतो. १९१२ च्या गोष्टीत मंगळावर मोडेम दिसला की समजा, ही फाईल एकाही माणसाने डोळ्यांखालून घातलेली नाही. डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स नावाचा स्वयंसेवी उपक्रम २००० पासून चालतो. तिथे मूळ पानाचं चित्र आणि ओळखलेला मजकूर समोरासमोर ठेवून एकेक पान वेगवेगळ्या माणसांच्या हातून फेऱ्या मारून जातं. तिथून निघालेलं पुस्तक शेवटी गुटेनबर्गवर चढतं. फुकटच्या प्रतीपेक्षा विकतची चांगली असणार असं आपण धरून चालतो, पण या क्षेत्रात बऱ्याचदा उलटं असतं.

मासिकांची मूळ पानं बघायची असतील तर इंटरनेट आर्काइव्ह हे मोफत डिजिटल ग्रंथालय. ‘अमेझिंग स्टोरीज’, ‘प्लॅनेट स्टोरीज’ यांचे अंक तिथे स्कॅन केलेले आहेत. ‘मास्टर माइंड’ जिथे पहिल्यांदा आली तो १९२७ चा ‘अमेझिंग स्टोरीज’चा वार्षिक अंक जरूर चाळा; कथेइतक्याच जाहिराती बघण्यासारख्या आहेत. कोणती कथा कोणत्या अंकात, चित्रं कोणाची, नंतर कुठल्या पुस्तकात गेली, हे इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेसवर मिळतं. ही जागा दिसायला रुक्ष आहे, पण मी सुरुवातीला म्हटलेल्या दोन सालांसाठी तिथेच जातो. एखादा लेखक या परंपरेत कुठे बसतो हे समजायचं तर ‘एनसायक्लोपीडिया ऑफ सायन्स फिक्शन’ २०११ पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यातली मंगळावरची नोंद वाचा आणि त्यातले दुवे धरून पुढे जा.

निव्वळ बरोजप्रेमींसाठी ‘ईआरबीझीन’ आहे. १९९६ पासून चालू, पानांची संख्या अफाट, मांडणी अजून त्याच दशकातली. मुखपृष्ठं, जुन्या आवृत्त्यांच्या नोंदी, नकाशे, पत्रव्यवहार, चाहत्यांचे शोधनिबंध, सगळं एकाच गोदामात. मुख्य पानावरून हिंडायला गेलात तर हरवाल. हवं त्या पुस्तकाचं नाव आणि ‘ईआरबीझीन’ असं दोन्ही घालून बाहेरून शोधा, थेट पान मिळेल.

कानांनी वाचायचं असेल तर लिब्रिव्हॉक्स. २००५ पासून तिथे स्वयंसेवक मुक्त पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या असतात. काही एकट्याने वाचलेल्या, काहींत प्रत्येक प्रकरणाला वेगळा आवाज. मालिकेसाठी एकट्याने वाचलेली निवडा, नाहीतर हिरव्या मंगळवासीयांचा सरदार टार्स टार्कस दर प्रकरणात नवा माणूस वाटतो.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. पहिली तीन पुस्तकं म्हणजे तीन तुकड्यांत छापलेली एकच कथा आहे. पहिलं संपतं तिथे मंगळाची हवा बनवणारा कारखाना बंद पडलेला, नायक पृथ्वीवर परत आलेला आणि मागे काय झालं ते त्याला ठाऊक नाही. दुसरं संपतं ते तर याहून वाईट जागी. म्हणून तिन्ही एका दमात वाचा. त्यातही ‘गॉड्स’ मला सरस वाटतं. मंगळावरचे लोक आयुष्याच्या शेवटी इस नदीतून दोर खोऱ्याकडे यात्रेला जातात, तिथे स्वर्ग आहे या श्रद्धेने. परत कुणी येत नाही, आणि चुकून आलंच तर त्याला पाखंडी म्हणून मारतात. तिथे खरं काय वाट बघत असतं ते मी सांगत नाही. १९१३ च्या करमणूक मासिकात पुरोहितशाहीवर इतकं धारदार लिहिलेलं असेल असं वाटत नाही. आपल्याकडच्या वाचकाला त्यातले काही चेहरे ओळखीचे वाटतील.

त्यानंतर थेट ‘चेसमेन’वर उडी मारली तरी चालेल. ‘थुविया’ बेताची आहे, पण त्यातलं लोथार शहर, जिथे माणसं नुसत्या मनाच्या बळावर धनुर्धाऱ्यांच्या फौजा उभ्या करतात, तेवढ्यासाठी वाचा. ‘मास्टर माइंड’मध्ये मेंदू बदलणारा शस्त्रवैद्य रास थावस भेटतो, ही मालिकेतली सगळ्यांत विनोदी कादंबरी. ‘स्वोर्ड्स’नंतर उतरण लागते. शेवटच्या पुस्तकातली राक्षसाची कथा बरोजचा मुलगा जॉन कोलमन याच्या हातची मानतात. ती वगळा, काही बिघडत नाही.

बरोजच्या आधी आणि नंतर काय, हेही थोडं सांगतो, कारण मंगळ म्हणजे फक्त जॉन कार्टर नव्हे. १९०५ मध्ये एडविन लेस्टर अर्नोल्ड या इंग्रज लेखकाने ‘लेफ्टनंट गलिव्हर जोन्स’ नावाची कादंबरी लिहिली. त्यात एक अमेरिकी नौदल अधिकारी उडत्या गालिच्यावर बसून मंगळावर जातो आणि राजकन्येच्या मागे भटकतो. बरोजने ती वाचली होती का, यावर १९६० च्या दशकापासून वाद आहे. आपल्यासाठी त्यात वेगळीच मौज आहे. या अर्नोल्डचे वडील म्हणजे ‘द लाइट ऑफ एशिया’चे कवी सर एडविन अर्नोल्ड, जे १८५७ च्या धामधुमीच्या काळात पुण्याच्या कॉलेजचे, म्हणजे आजच्या डेक्कन कॉलेजच्या पूर्वावताराचे, प्राचार्य होते. मुलाचं बालपण बरंचसं हिंदुस्थानात गेलं. गुटेनबर्गवर ही कादंबरी ‘गलिव्हर ऑफ मार्स’ नावाने आहे. ती फार ग्रेट आहे असं मी म्हणणार नाही, पण नदीवरून मृतांची मिरवणूक वाहत जाते ते प्रकरण वाचा आणि मग बरोजच्या इस नदीकडे या.

एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) तुम्ही वाचली असेलच. ती साहसकथेपेक्षा संकटकथा आहे, म्हणून इथे लांबण लावत नाही. स्टॅन्ली वाइनबॉमची ‘अ मार्शियन ओडिसी’ (१९३४) ही एका बैठकीत संपणारी कथा मात्र चुकवू नका. त्यातला ट्वील नावाचा शहामृगासारखा प्राणी माणसासारखा विचार करत नाही आणि तरी हुशार आहे. त्याआधीच्या मंगळकथांत असा परका सहसा भेटत नाही. आणि अमेरिकी लेखिका ली ब्रॅकेट. तिचा मंगळ बरोजचाच, पण म्हातारा झालेला, धुळीने भरलेला, पराभूत. ‘ब्लॅक अॅमेझॉन ऑफ मार्स’ (१९५१) गुटेनबर्गवर आहे. त्या काळी अमेरिकेत अठ्ठाविसाव्या वर्षी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागायचं, आणि अशा मासिकांतल्या कितीतरी कथांचं ते कुणी केलंच नाही. म्हणून १९५१ ची कथा तिथे मुक्त आणि बरोजची १९३५ ची बांधलेली, असा उफराटा प्रकार दिसतो. पुढे याच बाईंनी ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’च्या पटकथेचा पहिला खर्डा लिहिला.

हे सगळे लेखक मंगळावर आटलेले समुद्र आणि कालवे का बघत होते, असा प्रश्न पडला तर पर्सिव्हल लॉवेलचं १९०६ चं ‘मार्स अँड इट्स कॅनाल्स’ चाळा. अॅरिझोनात स्वतःची वेधशाळा उभारून त्याने मरत्या ग्रहाचं जे चित्र रंगवलं, त्यावर ही सबंध इमारत उभी आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १९०७ मध्येच पुस्तक लिहून ते खोडून काढलं होतं, पण ऐकतो कोण. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या अमेरिकी यानाने जवळून फोटो पाठवले, त्यात नुसती विवरं दिसली, आणि हा प्रकारच थांबला.

मुलीबद्दल. हे तिच्या इंग्रजीवर आणि तुमच्या घरातल्या बोलण्यावर अवलंबून आहे. वाक्यं लांब आणि जुन्या वळणाची आहेत. पहिली दोन-तीन प्रकरणं लिब्रिव्हॉक्सवर ऐकत ऐकत पुस्तकात बोट फिरवलं तर कान तयार होतो. तलवारबाजी आणि कापाकापी भरपूर. मंगळावरचे लोक दागिने आणि शस्त्रांच्या पट्ट्यांखेरीज काही घालत नाहीत, हे बरोज सरळ सांगून टाकतो आणि पुढे जातो. चाळवणारं काही नाही. मला जास्त खटकतं ते वेगळंच. कार्टर हा अमेरिकी यादवीत दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने लढलेला कप्तान आहे, आणि पहिल्या प्रकरणातले अपाची नुसते क्रूर हल्लेखोर म्हणून येतात. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळतं, फक्त आधी कुणी बोलायला हवं. राजकन्या पळवली जाणं दर पुस्तकात आहेच. पण पहिल्या पुस्तकातली राजकन्या देजा थोरिस पहिल्यांदा भेटते ती वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या मोहिमेतली बंदी म्हणून, आणि पंधरा फुटी हिरव्या योद्ध्यांच्या सभेत उभी राहून त्यांना सुनावते. पहिली तीन प्रकरणं तुम्ही स्वतः वाचा आणि ठरवा. ती बुद्धिबळ खेळत असेल तर सुरुवात ‘चेसमेन’ने केली तरी अडत नाही, जुने संदर्भ तुम्ही सांगाल.

राहिलं मराठीत आणण्याचं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, त्यावर दोन-तीन पिढ्या वाढल्या. बरोजच्या मंगळासाठी तशी जागा आहे असं मलाही वाटतं. मजकुराच्या कॉपीराइटची भारतात अडचण नाही, हे वर आलंच. पण तीन गोष्टींत गल्लत करू नका.

पहिली म्हणजे नावं. बरोजने १९२३ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली, ती कॅलिफोर्नियात टार्झाना इथे अजून चालू आहे आणि पात्रांच्या नावांवर ट्रेडमार्कचा हक्क सांगते. मजकुराचा अनुवाद वेगळा आणि मुखपृष्ठावर जॉन कार्टरचं नाव ब्रँडसारखं मिरवणं वेगळं. टी-शर्ट, खेळ, ‘अधिकृत’ असा शिक्का, यांच्या वाटेला जाऊ नका. पुस्तक विक्रीला काढणार असाल तर ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा मुखपृष्ठ दाखवा.

दुसरी, ‘गुटेनबर्गवर आहे म्हणजे आपल्यालाही मोकळं’ हा समज. ब्रॅकेट १९७८ मध्ये वारली. भारताच्या साठ वर्षांच्या हिशोबाने तिचं साहित्य २०३८ अखेरपर्यंत राखीव धरून चला. वाचा खुशाल, पण अनुवाद छापायचा तर परवानगी घ्या. वाइनबॉम १९३५ मध्ये गेला, तो केव्हाच मोकळा आहे. खरं तर हात बसवायला त्याची कथा उत्तम. एका दिवाळी अंकात मावेल एवढी आहे.

तिसरी, चित्रं. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण लेखक मोकळा झाला तरी चित्रकार होतोच असं नाही. ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’च्या १९१७ च्या आवृत्तीतली चित्रं फ्रँक स्कूनोव्हरची. ती अमेरिकेत मुक्त आहेत, पण स्कूनोव्हर १९७२ मध्ये वारला, म्हणजे आपल्या हिशोबाने २०३२ अखेरपर्यंत थांबा. जे. अॅलन सेंट जॉन १९५७ मध्ये वारला, त्याची चित्रं २०१८ पासून मोकळी. आणि तुम्हाला नेटवर सगळीकडे दिसतात ती फ्रँक फ्राझेटाची झणझणीत मुखपृष्ठं विसरा. तो २०१० मध्ये गेला.

सेंट जॉनची चित्रं ‘वॉरलॉर्ड’ (१९१९), ‘थुविया’ (१९२०) आणि ‘चेसमेन’ (१९२२) यांच्या मॅक्लर्ग प्रकाशनाच्या आवृत्त्यांत आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर शोधताना प्रकाशक आणि साल दोन्ही घाला. स्वस्त पुनर्मुद्रणांत चित्रं कमी असतात किंवा छपाई फिकी असते. पीडीएफमधून चित्र कापून घेऊ नका, ते दाबलेलं असतं. त्याच पानावर मूळ स्कॅनच्या प्रतिमांची मोठी फाईल उतरवून घ्यायची सोय असते. डाउनलोडला वेळ लागतो, पण रेषा शाबूत मिळतात आणि मराठी पुस्तकात पानभर छापता येतात.